आकाशवाणी, वाहिन्यांचे नियमन आणि खान्देशातील श्रोत्यांचे निवेदन : मसुद्यावर मते हवीत

तापीकाठ (यावल)

जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही मतदारसंघांच्या खासदारांना आणि आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावयाचे निवेदन पाठवण्यापूर्वी ते सर्वांच्या नजरेखालून जावे, म्हणून हा धागा काढत आहे. निवेदन सार्वजनिक प्रसारणाविषयी आहे. वृत्तवाहिन्यांवरची आरडाओरड आणि चर्चेच्या नावाखाली रोज संध्याकाळी चालणारी भांडणे यांना आपण सारेच विटलो आहोत. तरीही सुरुवात आकाशवाणी-दूरदर्शनपासून करावी असे मला वाटते, कारण तेथे आपण जे मागणार आहोत ते कायद्याने आधीच देऊ केलेले आहे.

१९९३ च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून जो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू नये आणि खाजगी कंपन्यांचीही असू नये, असे त्या निकालाचे सार आहे. प्रसार भारती कायदा त्याआधीच, १९९० मध्ये, संसदेने संमत केला होता. तो लागू व्हायला मात्र १९९७ उजाडले. या कायद्याचे कलम १२ प्रत्येक श्रोत्याने एकदा तरी वाचावे. शेती, ग्रामविकास, आरोग्य आणि साक्षरता यांकडे विशेष लक्ष देणे, देशाच्या विविध प्रदेशांतील संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान देणे, आदिवासी समाजाच्या आणि दुर्गम भागात राहणाऱ्यांच्या गरजा ओळखून कार्यक्रम करणे, ही सगळी उद्दिष्टे तेथे स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहेत.

ही उद्दिष्टे पाळली जात नसतील तर श्रोत्याने तक्रार कोठे करावी, याचेही उत्तर कायद्यात आहे. कलम १४ प्रमाणे एक प्रसारण परिषद असायला हवी. अध्यक्ष, सार्वजनिक जीवनातील दहा मान्यवर आणि संसदेचे चार सदस्य अशी तिची रचना ठरलेली आहे. एखादा कार्यक्रम उद्दिष्टांना धरून नाही अशी तक्रार कोणीही तिच्याकडे करू शकतो, आणि परिषदेची शिफारस प्रसार भारती महामंडळाला मान्य नसेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. ही परिषद आजवर स्थापनच झालेली नाही. १९७८ ची वर्गीज समिती झाली, २०१४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या समितीचा अहवाल आला, स्वायत्ततेवर ढिगाने लिहिले गेले. श्रोत्याच्या तक्रारीची खिडकी मात्र उघडलीच नाही. निवेदनाचा गाभा हाच ठेवावा, असा माझा प्रस्ताव आहे.

देवपूरकर (धुळे)

आबा, आपल्या अभ्यासाविषयी आदर आहे, परंतु हे निवेदन चुकीच्या दारात जाऊन उभे राहत आहे असे मला वाटते. रेडिओ ऐकणारे आता किती उरले? आमच्या गल्लीत संध्याकाळी प्रत्येक घरातून वृत्तवाहिनीचाच आवाज येतो, आणि उरलेली माणसे मोबाइलवर कुठल्या तरी तथाकथित पोर्टलची बातमी पाहत असतात. मध्यंतरी शहरात किरकोळ भांडण झाले असता एका वाहिनीने दुसऱ्याच गावाचे जुने चित्रीकरण आमच्या चौकाचे म्हणून दाखवले. रात्रभर लोक घराबाहेर उभे होते. त्या वाहिनीला कोणीही जाब विचारला नाही. कडक कायदा करा, परवाना रद्द करण्याचा अधिकार असलेला नियामक नेमा, अशी मागणी खान्देशातून गेली तर लोक स्वतःहून सह्या करतील. कलम १४ ची परिषद हवी म्हणून पारोळ्याच्या बाजारात कोण सही करणार आहे?

कायदेवाचक (अमळनेर)

देवपूरकर दादा, जाब विचारण्याची सोय आजही आहे. तिचा वापर होत नाही आणि तिला दात नाहीत, हे खरे दुखणे आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५ चा. त्याखाली कार्यक्रम संहिता आहे, आणि १७ जून २०२१ च्या नियमदुरुस्तीने तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. पहिली तक्रार थेट वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. त्याने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झाले नाही तर पुढील पंधरा दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जायचे, आणि त्यानंतर केंद्राच्या आंतरविभागीय समितीकडे. शिवाय २००८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जिल्हा पातळीवर देखरेख समिती असायला हवी. आपापल्या जिल्ह्यात ती अस्तित्वात आहे का आणि तिची शेवटची बैठक केव्हा झाली, एवढे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

दातांबद्दल म्हणाल, तर वृत्तवाहिन्यांची स्वनियमन संस्था फार तर एक लाख रुपये दंड करीत आली आहे. सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी जो निकाल दिला, त्यावरून हा विषय पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या न्यायालयानेही विचारले की, एवढ्या दंडाचा धाक कोणत्या वाहिनीला वाटणार? दंड वाढवा, ही मागणी मला मान्य आहे.

परवाना रद्द करण्याच्या अधिकाराची मागणी मात्र मी करणार नाही. केरळमधील मीडियावन वाहिनीचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ मध्ये सुरक्षेचे कारण सांगून तिच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारण्यात आले, आणि कारणे बंद लिफाफ्यात न्यायालयापुढे ठेवली गेली. ज्याच्यावर आरोप त्यालाच ती वाचता आली नाहीत. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण तोवर वर्षाहून अधिक काळ गेला होता. आज आपल्याला नकोशा असलेल्या वाहिनीसाठी मागितलेले हत्यार उद्या कोणावर चालेल, हे आपल्या हाती नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने प्रसारण सेवा विधेयकाचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यातील सल्लागार परिषद पाहा : अनुभवी अध्यक्ष, पाच सरकारी अधिकारी आणि केंद्र सरकारनेच नेमलेले पाच मान्यवर. म्हणजे तक्रार ऐकणारा सगळा मंडप एकाच यजमानाचा.

शिरपूरकर (शिरपूर)

त्या विधेयकाचे पुढे काय झाले? मध्यंतरी वर्तमानपत्रांत गदारोळ वाचला होता, तो यूट्यूबवाल्यांना त्यात ओढल्याचा.

कायदेवाचक (अमळनेर)

२०२४ च्या जुलैत सुधारित मसुदा निवडक मंडळींनाच दाखवला गेला, प्रत्येक प्रतीवर ती कोणाला दिली याची खूण होती, आणि समाजमाध्यमांवर बातम्या-विश्लेषण करणाऱ्या व्यक्तीही त्याच्या कक्षेत येतील अशी चर्चा झाली. टीका वाढल्यावर ऑगस्टमध्ये मंत्रालयाने २०२३ च्या मसुद्यावरच हरकती पाठवण्याची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाढवली. येथे आपल्या उपयोगाचा मुद्दा वेगळा आहे. २०१४ च्या पूर्व-विधायी सल्लामसलत धोरणाप्रमाणे कोणत्याही विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो आणि आलेल्या हरकतींचा गोषवारा मंत्रालयाने प्रसिद्ध करावा लागतो. मसुदा मराठीतही मिळावा, हे वाक्य निवेदनात अवश्य घालावे. इंग्रजी मसुद्यावर तीस दिवसांत हरकत नोंदवण्याची अपेक्षा चोपड्याच्या किंवा साक्रीच्या माणसाकडून करणे म्हणजे त्याला न विचारण्याचाच प्रकार आहे.

अक्राणी (धडगाव)

रेडिओ कोण ऐकतो, असे देवपूरकर दादांनी विचारले आहे, म्हणून लिहिते. मी सातपुड्यात शिक्षिका आहे. आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकडीवर जावे लागते. पाड्यावरच्या एका आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर खिडकीच्या चौकटीत ठेवलेला असतो, आणि आवाज खरखरायला लागला की ते तो संच हळूहळू आडवा फिरवतात. ठरावीक दिशेला तोंड झाले की निवेदकाचा शब्द स्वच्छ येतो. मध्यम लहरींचा (मीडियम वेव्हचा) संच असाच चालतो, त्याच्या आतील फेराइटच्या दांडीला दिशा लागते. त्या लहरी जमिनीच्या अंगाने दूरवर जातात आणि डोंगराच्या वळणातही थोड्याफार पोहोचतात. एफएमचे तसे नाही. प्रक्षेपक आणि संच यांच्या मध्ये डोंगराचा सोंड आला की एफएम संपले.

हे येथे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, मध्यम लहरींची जुनी प्रक्षेपण यंत्रणा खर्चिक झाली, आता एफएम आणि मोबाइल ॲपकडे वळावे, हा विचार दिल्लीत बसून अगदी रास्त वाटतो. शहरात तो रास्त आहेही. परंतु मध्यम लहरी बंद करताना एफएमची पोहोच नकाशावर वर्तुळ काढून ठरवली, तर त्या वर्तुळात आमचा तालुका दिसेल आणि आमच्या दऱ्या मात्र मुक्या राहतील. दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता बंद झाले, तेव्हा ज्यांच्याकडे छत्री नव्हती त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून माझी विनंती अशी : कोणताही प्रक्षेपक बंद करण्यापूर्वी किंवा त्याची शक्ती कमी करण्यापूर्वी त्या भागात प्रत्यक्ष संच नेऊन पोहोच तपासावी, आणि तो अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा.

दुसरे म्हणजे भाषा. आमच्याकडे पावरी आणि भिली बोलली जाते. लसीकरणाची सूचना प्रमाण मराठीत आली तर ती मुलांमार्फत आईपर्यंत पोहोचते, आणि मूल घरी नसेल तर पोहोचत नाही.

शिरपूरकर (शिरपूर)

ताईंच्या भाषेच्या मुद्द्यावर थोडी शंका आहे. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली, तडवी, गुजरी अशी मागण्यांची माळ लावली तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच मिनिटे येतील आणि सगळ्याच नाराज होतील. त्यातून अहिराणी किंवा भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत, हे उत्तर तयारच असेल.

कायदेवाचक (अमळनेर)

ते उत्तर टिकणार नाही. कलम १२ मध्ये प्रदेशांच्या भाषा असे शब्द आहेत. आठव्या अनुसूचीची अट तेथे घातलेली नाही. २०११ च्या जनगणनेत खान्देशी गटाखाली अठरा लाखांहून अधिक लोकांची नोंद आहे, आणि ज्यांनी घरात अहिराणी बोलत असूनही रकान्यात मराठी लिहिले ते यात आलेले नाहीत. भिली गटाची नोंद चार-पाच राज्ये मिळून एक कोटीच्या वर जाते.

माजी निवेदक (जळगाव)

मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर काही वर्षे नैमित्तिक निवेदक होतो. केंद्राचे नाव घेत नाही, कारण मुद्दा एका केंद्राचा नाही. बोलीतील कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी येणारी पत्रे वेगळीच असत. एका बाईंनी चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्यातील एक ओळ आजही पाठ आहे : «आपली बोली रेडिओवर ऐकाले बरं वाटस.» त्यामुळे शिरपूरकर भाऊंची शंका मला मान्य नाही, पाच मिनिटे का होईना, पण ठरलेल्या वेळी आणि रोज हवीत. श्रोता वेळेने बांधला जातो.

आता जरा आतली गोष्ट सांगतो, कारण निवेदन ज्यांच्या टेबलावर जाईल त्यांना त्यांच्याच शब्दांत विचारले पाहिजे. प्रत्येक केंद्राचा फिक्स्ड पॉइंट चार्ट असतो, ज्याला आम्ही एफपीसी म्हणायचो. सकाळची सभा, दुपारची सभा आणि सायंकाळची सभा, म्हणजे प्रसारणाची सत्रे, यांत कोणत्या मिनिटाला काय जाणार, हे त्यात ठरलेले असते. त्यावरून रोजची क्यूशीट, म्हणजे त्या दिवसाच्या कार्यक्रमांचा क्रमवार तक्ता, निघते. गेल्या काही वर्षांत केंद्रांवर बदल्या-निवृत्तीनंतर पदे भरली गेली नाहीत, नैमित्तिक निवेदकांना महिन्याकाठी मोजक्याच ड्युट्या मिळतात, आणि माणसे नसली की सर्वांत सोपा उपाय म्हणजे सहक्षेपण. मुंबईचा किंवा दिल्लीचा कार्यक्रम जोडून दिला की सभा भरते, केंद्र चालू दिसते, आणि कागदावर प्रसारणाचे तास कमी होत नाहीत. म्हणून ‹रेडिओ वाचवा› असे मोघम लिहू नका. रेडिओ चालूच आहे, असे उत्तर येईल आणि ते खोटेही नसेल. प्रश्न असा विचारा : एफपीसीप्रमाणे केंद्राने स्वतः तयार केलेले कार्यक्रम आठवड्याला किती तास, सहक्षेपण किती तास, बोलीभाषांतील किती तास, आणि पुनःप्रसारण किती? हेच माहितीच्या अधिकारात तीन वेगवेगळ्या वर्षांसाठी मागा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे, न आल्यास प्रथम अपील. आकडे हाती आल्याशिवाय निवेदनात ‹स्थानिक कार्यक्रम घटले› हे वाक्य घालू नये, असे मी ठामपणे सांगेन.

पैसा नाही, हे कारणही पुढे येईल. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची बिंड योजना मंजूर केली. यंत्रे येतील, पण मायक्रोफोनपुढे बसणारा स्थानिक माणूस त्या रकमेतून येत नाही. त्यासाठी वेगळे विचारावे लागेल.

आणि निवेदनाने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी : जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला होता. श्रोते, पत्रकार, लोकप्रतिनिधी सगळ्यांनी आवाज उठवला आणि मंत्र्यांनी तो थांबवला. पुण्याला आवाज आहे, हे मान्य. आपल्यालाही घसा आहे.

केळीबाग (रावेर)

निवेदकदादांनी तास मोजायला सांगितले, ते पटले. मी शेतकरी म्हणून एवढेच सांगतो की, आम्हाला व्याख्यान नको. केळीवर करपा किंवा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग दिसायला लागला की त्या आठवड्यात काय करायचे, आज बऱ्हाणपूरला आणि रावेरला केळीचा भाव काय निघाला, उद्या वारा किती राहील, एवढे ठरलेल्या वेळी ऐकू आले तर माणूस बागेत काम करता करता ऐकतो. मोबाइलवर भाव येतात, पण एकाच दिवशी तीन गटांवर तीन वेगळे भाव येतात आणि व्यापारी त्यांतला सर्वांत कमी भाव दाखवतो. आकाशवाणीने भाव सांगितला की त्याच्यावर कोणी हुज्जत घालत नाही, हा मान अजून शिल्लक आहे.

सामुदायिक रेडिओविषयी कोणी लिहील का? आमच्या भागात कृषी विज्ञान केंद्र आहे, महाविद्यालये आहेत.

कायदेवाचक (अमळनेर)

भाऊ, २००२ मध्ये केवळ शैक्षणिक संस्थांना परवानगी होती. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही दार उघडले. प्रक्षेपणाची शक्ती साधारणपणे १०० वॉट, मनोरा तीस मीटरपर्यंत, आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले हवेत. पोहोच पाच-दहा किलोमीटरची, म्हणजे एका मोठ्या गावाभोवतीची गावे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घ्याव्या लागतात. खाजगी एफएमलाही हेच बंधन आहे. माझ्या मते आपल्या प्रसारण धोरणातील ही सर्वांत न पटणारी तरतूद आहे : दूरचित्रवाणीवर रात्रंदिवस बातम्यांना मुभा, छापील पत्रांना मुभा, मोबाइलवर कोणीही काहीही सांगावे, आणि शंभर वॉटच्या रेडिओने मात्र ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल सांगू नये! हवामान, परीक्षा, पाणी-वीज आणि नैसर्गिक आपत्ती यांच्या सूचना मात्र बातम्यांत मोजल्या जात नाहीत, त्यांना परवानगी आहे.

देवपूरकर (धुळे)

चर्चा वाचली. वाहिन्यांचा मुद्दा गाळला जाऊ नये, एवढा आग्रह मी कायम ठेवतो. परवाना रद्द करण्याऐवजी दंड वाढवणे, चूक दाखवली गेली त्याच वेळेच्या कार्यक्रमात दुरुस्ती प्रसारित करणे सक्तीचे करणे आणि जिल्हा समितीची बैठक दर तिमाहीला घेऊन तिचे इतिवृत्त प्रसिद्ध करणे, असे लिहावे. त्या जुन्या चित्रीकरणाची दुरुस्ती त्या वाहिनीने दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टीवर दाखवली होती. दुपारी ती कोणी वाचली असेल?

तापीकाठ (यावल)

सर्वांच्या सूचना घेऊन मसुदा पुन्हा लिहिला आहे. मुख्य भाग असा :

«प्रसार भारती कायद्याच्या कलम १४ नुसार प्रसारण परिषद तातडीने स्थापन करावी आणि तिच्याकडे मराठीतून तक्रार करण्याची सोय असावी. खान्देशातील आकाशवाणी केंद्रांनी स्वतः तयार केलेल्या कार्यक्रमांचे, सहक्षेपणाचे व बोलीभाषांतील कार्यक्रमांचे साप्ताहिक तास दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावेत. अहिराणी, पावरी आणि भिली या भाषांत शेती, आरोग्य व हवामान यांची माहिती दररोज ठरावीक वेळी प्रसारित करावी. कोणताही मध्यम लहरी प्रक्षेपक बंद करण्यापूर्वी सातपुड्याच्या दुर्गम भागात प्रत्यक्ष पोहोच तपासून अहवाल ग्रामसभांपुढे ठेवावा. सामुदायिक रेडिओला स्थानिक बातम्यांची मुभा द्यावी. नव्या प्रसारण विधेयकाचा मसुदा मराठीत उपलब्ध करावा, आणि त्यातील तक्रार निवारण यंत्रणेवरील नेमणुका केवळ केंद्र सरकारच्या हाती नसाव्यात.»

देवपूरकरांचे तीन मुद्दे वेगळ्या परिच्छेदात, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे जातील, कारण जिल्हा समितीचा विषय तेथेच मार्गी लागू शकतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज माजी निवेदकांनी लिहून द्यावा. खासदारांना भेटताना केवळ निवेदन न देता लोकसभेत विचारता येईल असा प्रश्न तयार करून द्यावा; निवेदनाची पोच मिळते, प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

अक्राणी (धडगाव)

पावरीत या मागण्या वाचून दाखवून मगच अंगठे आणि सह्या घेईन. त्यासाठी आठवडे बाजाराचा दिवस बरा पडेल. तडवी बंधूंचा उल्लेख राहिला आहे, तो यावल-रावेरच्या मंडळींनी पाहावा.

केळीबाग (रावेर)

तडवींचे पाहतो. एक दुरुस्ती हवी : ‹हवामान› या शब्दापुढे ‹धरणातील विसर्ग› असे जोडा. तापीवरच्या हतनूर धरणाचे एकेचाळीस दरवाजे आहेत, आणि ते उघडले की पाणी पुढे सारंगखेडा, प्रकाशापर्यंत जाते. किती दरवाजे, किती उंचीने आणि किती वाजता उघडले, हे तिन्ही तपशील रेडिओवरून लगेच सांगितले जावेत, असे स्पष्ट लिहा. नाहीतर ‹नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे› एवढ्यावरच भागवले जाईल.